एकसमान विद्युत क्षेत्र

ज्या प्रदेशातील प्रत्येक बिंदूवर विद्युत क्षेत्राची तीव्रता सारखी आणि दिशाही एकच असते, त्या प्रदेशातील क्षेत्राला एकसमान विद्युत क्षेत्र असे म्हणतात. अशा क्षेत्रात ठेवलेल्या प्रभारावर, तो कोठेही ठेवला तरी, तेवढेच आणि त्याच दिशेने बल कार्य करते. सर्वत्र आणि सर्वार्थाने एकसमान असे क्षेत्र प्रत्यक्षात आढळत नाही. ते मर्यादित प्रदेशात आणि ठरावीक अचूकतेपर्यंत निर्माण करावे लागते. ते निर्माण करण्याची सर्वांत परिचित पद्धत म्हणजे एकमेकींस समांतर ठेवलेल्या दोन धातूच्या पट्टिकांना विरुद्ध प्रभार देणे. क्षेत्र किती एकसमान होईल, हे दिलेल्या व्होल्टतेपेक्षा रचनेच्या आकारावर, विशेषतः कडा कोठे आणि कशा आहेत यावर, अवलंबून असते. हेच तत्त्व मुंबईतील कणत्वरकाला लागू पडते, तसेच वाशिमसारख्या पठारी जिल्ह्यात पावसाळी ढगाखाली उभ्या असलेल्या माणसालाही लागू पडते.

व्याख्या आणि एकक

एखाद्या बिंदूवर ठेवलेल्या लहान धन प्रभारावर जे बल कार्य करते, त्याला त्या प्रभाराच्या मूल्याने भागले असता त्या बिंदूवरील विद्युत क्षेत्राची तीव्रता मिळते. तिचे एकक न्यूटन प्रति कूलोम असे आहे. हेच एकक व्होल्ट प्रति मीटर असेही लिहितात, आणि व्यवहारात हे दुसरे रूप अधिक सोयीचे ठरते. एकसमान क्षेत्रात क्षेत्राच्या दिशेने प्रत्येक मीटरला विभव सारख्याच प्रमाणात घटत जातो.

क्षेत्र रेषांनी दाखविले, तर एकसमान क्षेत्राच्या रेषा सरळ, समांतर आणि समान अंतरावर असतात. ज्या पृष्ठांवर विभव सारखा असतो ती समविभव पृष्ठे या रेषांना लंब असलेली, सारख्या अंतरावरील सपाट प्रतले असतात. रेषा जेथे वाकतात किंवा दाट-विरळ होतात, तेथे क्षेत्र एकसमान राहिलेले नसते.

प्रभाराचा आकार आणि क्षेत्र

एका बिंदूत एकवटलेल्या प्रभाराचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथा हिस्सा होते. लांबच लांब सरळ तारेवरील प्रभाराचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की तीव्रता निम्मी होते. विस्तीर्ण सपाट पृष्ठावर प्रभार सारखा पसरलेला असेल, तर मात्र पृष्ठापासून दूर गेल्यावरही तीव्रता घटत नाही. गॉसच्या नियमाने हे तीनही निष्कर्ष काटेकोरपणे सिद्ध करता येतात.

तिसरा निष्कर्ष प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. त्याचे कारण एका साध्या निरीक्षणावरून लक्षात येते. चुना लावलेल्या मोठ्या भिंतीकडे कागदाच्या नळीतून पाहिले, तर भिंतीपासून मागे सरकत गेल्यावरही नळीतून दिसणारी उजळता तीच राहते. भिंतीच्या प्रत्येक तुकड्याकडून येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो हे खरे. परंतु नळीच्या टप्प्यात येणारे भिंतीचे क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही बदल एकमेकांना नेमके छेदतात. प्रभारित सपाट पृष्ठाच्या बाबतीतही असेच घडते. मात्र पुष्कळ मागे गेल्यावर नळीत भिंतीची कड दिसू लागते आणि उजळता कमी होते. विद्युत क्षेत्राच्या बाबतीतही एकसमानता बिघडण्यास सुरुवात होते ती कडेपासूनच.

समांतर पट्टिकांची रचना

एकाच प्रभारित पट्टिकेचे क्षेत्र तिच्या दोन्ही बाजूंना पसरते. तिच्यासमोर तेवढ्याच परंतु विरुद्ध प्रभाराची दुसरी पट्टिका समांतर ठेवली, तर दोन्ही पट्टिकांमधल्या जागेत त्यांची क्षेत्रे एकाच दिशेची असल्यामुळे त्यांची बेरीज होते. बाहेरच्या बाजूंना ती विरुद्ध दिशांची असल्यामुळे एकमेकांना रद्द करतात. अशा रीतीने जवळजवळ सारे क्षेत्र दोन पट्टिकांमध्ये कोंडले जाते. या रचनेलाच समांतर पट्टिका धारित्र म्हणतात. व्यवहारात ‘कपॅसिटर’ हा शब्द रूढ आहे.

पट्टिकांमधील क्षेत्र काढण्याचे सूत्र सोपे आहे:

क्षेत्राची तीव्रता = पट्टिकांमधील विभवांतर ÷ पट्टिकांमधील अंतर

उदाहरणार्थ, १ सेंमी अंतरावरील पट्टिकांना १०० व्होल्टचे विभवांतर दिले, तर क्षेत्र १०,००० व्होल्ट प्रति मीटर होते. पट्टिका २० सेंमी लांब व २० सेंमी रुंद असतील, तर त्यासाठी प्रत्येक पट्टिकेवर सुमारे ३.५ नॅनोकूलोम, म्हणजे १ कूलोमच्या अब्जांश भागाच्या साडेतीनपट प्रभार लागतो. हा प्रभार अल्प वाटला, तरी तो सुमारे २,२०० कोटी इलेक्ट्रॉनांच्या प्रभाराइतका आहे. प्रभारांची संख्या एवढी मोठी असल्यामुळेच तो पट्टिकेवर अखंड पसरला आहे असे मानता येते.

पट्टिका धातूच्या असल्यामुळे एक सोय आपोआप होते. सुवाहकाच्या संपूर्ण पृष्ठाचा विभव एकच असतो. त्यामुळे प्रभार हाताने सारखा पसरवावा लागत नाही. तो स्वतःच योग्य रीतीने वाटला जातो. रचनाकाराला पृष्ठे सपाट आणि समांतर राखण्याचीच काळजी घ्यावी लागते. पट्टिका किंचित तिरप्या असतील, तर जेथे अंतर कमी तेथे क्षेत्र तीव्र होते.

तीव्रता हवी तेवढी वाढविता येत नाही. नेहमीच्या दाबाच्या हवेत, काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अंतरासाठी, सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटर या मर्यादेला हवेचे निरोधन मोडते आणि ठिणगी पडते. म्हणजे १ मिलिमीटर फटीला अदमासे ३,००० व्होल्ट. निर्वात, दाबाखालील वायू किंवा विशिष्ट तेले वापरून ही मर्यादा वाढविता येते.

कडांचा परिणाम

पट्टिकांच्या कडेशी क्षेत्र एकाएकी संपत नाही. रेषा बाहेरच्या बाजूस फुगतात. याला कडांचा परिणाम म्हणतात. तो टाळता येणार नाही, याचे कारण ऊर्जेच्या अक्षय्यतेत आहे. क्षेत्र कडेपाशी एकदम शून्य होत असते, तर एखादा प्रभार पट्टिकांमधून क्षेत्राच्या दिशेने नेऊन त्याच्याकडून काम करून घेता आले असते आणि बाहेरच्या क्षेत्रहीन जागेतून काहीही खर्च न करता तो मूळ जागी आणता आला असता. अशी फुकटची ऊर्जा मिळणे शक्य नाही. म्हणून कडेबाहेरही क्षेत्र असलेच पाहिजे.

हा परिणाम किती आतपर्यंत पोहोचतो, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी पातळ व विस्तीर्ण पट्टिकांसाठी मांडले. त्यावरून पट्टिकांच्या बरोबर मध्यावरील प्रतलात पुढील चित्र मिळते. कडेच्या रेषेत क्षेत्र आतल्या मूल्याच्या सुमारे ७८ टक्के असते. कडेपासून पट्टिकांमधील अंतराच्या निम्मे आत गेल्यावर फरक सुमारे दीड टक्का उरतो. अंतराएवढेच आत गेल्यावर तो ०.१ टक्क्याहूनही कमी होतो. म्हणजे पट्टिका १ सेंमी अंतरावर असतील, तर चारही बाजूंची १ सेंमीची किनार वगळून उरलेला भाग बहुतेक कामांसाठी एकसमान मानता येतो. पट्टिका मोठ्या करणे किंवा त्या जवळ आणणे, या दोन्ही उपायांचा अर्थ एकच: रुंदी आणि अंतर यांचे गुणोत्तर वाढविणे.

जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनाच्या प्रभार-वस्तुमान गुणोत्तरासाठी वापरलेल्या पट्टिका सुमारे ५ सेंमी लांब, २ सेंमी रुंद आणि १.५ सेंमी अंतरावर होत्या. रुंदी अंतराच्या दीडपटीहूनही कमी होती. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगात सुमारे २२ सेंमी व्यासाच्या आणि सुमारे १.५ सेंमी अंतरावरील पट्टिका वापरल्या. तेथे हे गुणोत्तर १५ च्या आसपास आहे. थेंब मध्यभागी तरंगत असल्यामुळे कडांचा परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. क्षेत्र एकसमान असल्यामुळेच थेंबावरील बल म्हणजे प्रभार गुणिले क्षेत्र असे लिहून इलेक्ट्रॉनाचा प्रभार काढता आला.

एकसमानता वाढविण्याचे उपाय

संरक्षक वलय. पट्टिकेचा मधला भाग बारीक फटीने कडेच्या भागापासून वेगळा करतात आणि दोन्ही भाग एकाच विभवावर ठेवतात. कडेशी जे बिघडते ते बाहेरच्या वलयात राहते. मोजमाप केवळ मधल्या भागावर होते. ही युक्ती एकोणिसाव्या शतकात विल्यम टॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, यांनी आपल्या विद्युतमापकात वापरली.

कडेला योग्य वळण. धारदार कडेवर क्षेत्र फार तीव्र होते आणि ठिणगी प्रथम तेथेच पडते. वॉल्टर रोगोव्स्की यांनी १९२३ मध्ये मॅक्सवेल यांच्या गणितातील एका समविभव पृष्ठाचा आकारच पट्टिकेच्या कडेला द्यावा असे सुचविले. या आकाराच्या पट्टिकेवर कोठेही क्षेत्र मधल्या भागातील क्षेत्रापेक्षा तीव्र होत नाही. उच्च व्होल्टतेच्या प्रयोगशाळांत अशा पट्टिका वापरतात.

वलयांची मालिका. क्षेत्र लांब अंतरापर्यंत एकसमान हवे असेल, तर प्रचंड पट्टिका करणे परवडत नाही. अशा वेळी दोन टोकांच्या मध्ये समान अंतरावर धातूची वलये बसवितात आणि शेजारच्या वलयांमध्ये सारख्या मूल्याचे रोधक जोडतात. त्यामुळे प्रत्येक पायरीला विभव सारखाच उतरतो आणि वलयांच्या आतील पोकळीत क्षेत्र जवळपास एकसमान राहते.

याखेरीज इतर आकारांतूनही एकसमान क्षेत्र मिळते. संपूर्ण घनफळात सारखा प्रभार असलेल्या गोळ्यात केंद्रापासून बाजूला एक गोल पोकळी कोरली, तर त्या पोकळीत सर्वत्र एकसमान क्षेत्र असते. विद्युत अपारक पदार्थाचा गोळा एकसमान क्षेत्रात ठेवला, तर त्याच्या आतील क्षेत्रही एकसमानच राहते, फक्त कमी तीव्र होते. समान त्रिज्येची, विरुद्ध प्रभाराची दोन वलये एकाच अक्षावर त्रिज्येच्या सुमारे २.४५ पट अंतरावर ठेवली, तर त्यांच्या मध्यबिंदूच्या आसपास अक्षावरील क्षेत्र बऱ्याच अंतरापर्यंत सारखे राहते.

मुंबईतील दोन उदाहरणे

मुंबईत कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन हा कणत्वरक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प असून तो १९८८ मध्ये कार्यान्वित झाला. नायलॉनच्या दुव्यांनी एकमेकांपासून अलग राखलेल्या पोलादी गोळ्यांच्या साखळीवरून प्रभार वर नेला जातो आणि मधल्या अग्रावर कमाल १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत विभव निर्माण करण्याची त्याची रचना आहे. ऋण आयन या अग्राकडे खेचले जातात, तेथे त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि धन झालेले आयन पुढे ढकलले जातात. एकाच विभवाचा लाभ अशा रीतीने दोनदा मिळतो.

एवढा विभव एखाद्याच ठिकाणी उतरला, तर तेथे ठिणगी पडेल. म्हणून अग्रापासून जमिनीपर्यंतच्या स्तंभावर वलयांची मालिका बसविलेली असते आणि विभव पायरीपायरीने सारखा उतरविला जातो. सारी रचना सल्फर हेक्साफ्लोराइड या निरोधक वायूने भरलेल्या दाबटाकीत असते. येथे एकसमानता हीच यंत्राची सुरक्षितता आहे.

दुसरे उदाहरण भारतस्थित न्यूट्रिनो वेधशाळेच्या प्रकल्पासाठी टाटा संस्थेने विकसित केलेल्या शोधकांचे आहे. यांत सुमारे २ मीटर लांबी-रुंदीच्या दोन काचा केवळ २ मिलिमीटर अंतरावर ठेवतात. काचांच्या बाहेरच्या बाजूंना ग्रॅफाइटचा लेप असतो आणि त्यांना सुमारे १० हजार व्होल्टचे विभवांतर देतात. मधल्या वायुमिश्रणात सुमारे ५० लाख व्होल्ट प्रति मीटर इतके क्षेत्र निर्माण होते. प्रभारित कण त्यातून गेला की इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो आणि कणाची नोंद होते. लोंढ्याचा आकार क्षेत्रावर फार तीव्रपणे अवलंबून असतो. फट एखाद्या ठिकाणी ०.१ मिलिमीटरने अरुंद झाली, तरी तेथील क्षेत्र ५ टक्क्यांनी वाढते. म्हणून काचांमध्ये ठरावीक अंतरावर नेमक्या जाडीच्या आधारगुंड्या चिकटवितात. येथे रुंदी आणि अंतर यांचे गुणोत्तर हजाराच्या घरात जाते.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

एकसमान क्षेत्राचा नकाशा काढण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. सपाट तळाचे, पारदर्शक, आयताकृती प्लॅस्टिकचे भांडे आलेख कागदावर ठेवावे. त्यात १ सेंमी उंचीपर्यंत साधे पाणी घ्यावे. समोरासमोरच्या दोन बाजूंना ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या उभ्या कराव्यात आणि त्यांना ९ व्होल्टची बॅटरी जोडावी. मल्टीमीटरचे ऋण टोक बॅटरीच्या ऋण पट्टीला जोडून धन टोक पाण्यात निरनिराळ्या ठिकाणी बुडवावे आणि व्होल्टता लिहून घ्यावी. सारखी व्होल्टता दाखविणारे बिंदू जोडले की समविभव रेषा मिळतात.

पट्ट्या १८ सेंमी अंतरावर असतील, तर हिशेबाने दर सेंटिमीटरला अर्धा व्होल्ट वाढ अपेक्षित असते. पट्ट्यांच्या अगदी लगत रासायनिक क्रियेमुळे काही विभवांतर खर्ची पडते. त्यामुळे प्रत्यक्ष वाढ काहीशी कमी येते, परंतु ती दर सेंटिमीटरला सारखीच येते.

यानंतरचा भाग अधिक बोधप्रद आहे. पट्ट्या भांड्याच्या संपूर्ण रुंदीएवढ्या असतील, तर समविभव रेषा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ राहतात, कारण प्लॅस्टिकच्या भिंतींतून विद्युत प्रवाह बाहेर जाऊ शकत नाही. पट्ट्या लहान घेतल्या, की त्यांच्या टोकांशी रेषा वाकतात. कडांचा परिणाम विद्यार्थ्याला स्वतःच्या आकड्यांतून दिसतो. हा प्रयोग केवळ बॅटरीवर करावा. घरातील वीजपुरवठा पाण्याशी कदापि जोडू नये.

असमान क्षेत्राची गरज

प्रत्येक ठिकाणी एकसमान क्षेत्रच उपयोगी असते असे नाही. एकसमान क्षेत्रात प्रभारहीन कणाच्या दोन्ही टोकांवर समान व विरुद्ध बले कार्य करतात. कण वळू शकतो, परंतु एका बाजूस खेचला जात नाही. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, कारण कंगव्याजवळचे क्षेत्र असमान असते.

कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांत धुरातील राख वेगळी करण्यासाठी स्थिरविद्युत संकलक वापरतात. पट्टिकांच्या मध्ये बारीक तारा ताणलेल्या असतात. तारेलगत क्षेत्र अतिशय तीव्र होऊन हवेचे आयनीभवन होते, राखेचे कण प्रभारित होतात आणि पट्टिकांवर जाऊन बसतात. तारांऐवजी रुंद पट्ट्या लावून क्षेत्र एकसमान केले, तर हे कार्यच थांबेल.

मोकळ्या पठारावरील क्षेत्र: वाशिम जिल्हा

निसर्गात एकसमान क्षेत्राच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण पायाखालीच आहे. निरभ्र हवामानात जमिनीलगत सुमारे १०० ते १५० व्होल्ट प्रति मीटर इतके, वरून खाली दिशा असलेले विद्युत क्षेत्र असते. जमिनीच्या पृष्ठावर ऋण प्रभार असतो आणि वरच्या वातावरणात धन. पृथ्वी आणि आयनांबर यांमधील विभवांतर सुमारे अडीच लाख व्होल्ट आहे. जगभर चालू असलेल्या गडगडाटी वादळांमुळे ते टिकून राहते, ही कल्पना सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या सुमारास मांडली.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके आहेत. जिल्ह्याचा मोठा भाग पठारी असून सोयाबीन आणि तूर ही येथील प्रमुख पिके आहेत. सपाट, उघड्या शेतावर जमीन ही जणू एका विस्तीर्ण धारित्राची खालची पट्टिका असते. काही मीटर उंचीपर्यंत तेथील क्षेत्र एकसमान मानता येते. १०० व्होल्ट प्रति मीटर धरल्यास एक एकर शेताच्या पृष्ठावर सुमारे साडेतीन मायक्रोकूलोम, म्हणजे १ कूलोमच्या दशलक्षांश भागाच्या साडेतीनपट ऋण प्रभार असतो.

उभ्या माणसाच्या डोक्याची आणि पायांची उंची पाहता त्याला दीडशेहून अधिक व्होल्टचा धक्का बसावा, असे वाटते. तसे होत नाही. मानवी शरीर हवेच्या मानाने उत्तम सुवाहक आहे; ते जमिनीच्याच विभवावर येते. समविभव पृष्ठे त्याच्या डोक्यावरून उचलली जातात. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की ती डोक्यावर दाट होतात आणि तेथील क्षेत्र वाढते. सपाट जमिनीवरील अर्धगोलाकार उंचवट्याच्या माथ्यावर क्षेत्र मूळ क्षेत्राच्या नेमके तिप्पट असते, मग तो उंचवटा लहान असो वा मोठा. वस्तू जितकी उंच आणि अरुंद, तितकी ही वाढ अधिक असते. एकटे झाड, विजेचा खांब, शेताच्या मध्यभागी उभा असलेला माणूस, ही सारी अशा अर्थाने एकसमान क्षेत्रातील ‘कडा’ होत.

निरभ्र दिवशी या वाढीने काही बिघडत नाही. गडगडाटी ढगाखाली मात्र जमिनीलगतचे क्षेत्र काही हजार व्होल्ट प्रति मीटरपर्यंत जाते आणि त्याची दिशा बहुधा उलटते. ढगातून विजेची वाट टप्प्याटप्प्याने खाली येऊ लागली, की जमिनीवरील उंच टोकांपाशी क्षेत्र हवेचे निरोधन मोडण्याइतके वाढते. अशा टोकापासून वर जाणारी ठिणगी खाली येणाऱ्या वाटेला मिळाली, की वीज त्या ठिकाणी पडते. मृगाच्या पेरणीचे दिवस आणि परतीच्या पावसातील सोयाबीन सोंगणीचे दिवस हे गडगडाटाचेही दिवस असतात. नेमक्या त्या वेळी माणसे आणि जनावरे उघड्या शेतात असतात.

वीज पडल्यानंतर धोका जमिनीतूनही पसरतो. विद्युत प्रवाह आघाताच्या बिंदूपासून सर्व दिशांना जातो आणि जमिनीतील क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते; ते मुळीच एकसमान नसते. उदाहरणादाखल, ३० हजार अँपिअरचा प्रवाह आणि जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर आघातापासून १० मीटरवर तोंड करून उभ्या असलेल्या बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत, दीड मीटर अंतरासाठी, सुमारे ६,००० व्होल्टचे विभवांतर येते. त्याच ठिकाणी ३० सेंमी पाय फाकून उभ्या असलेल्या माणसासाठी ते सुमारे १,४०० व्होल्ट असते. पाय जुळवून घेतले, तर ते जवळपास नाहीसे होते. ओल्या काळ्या जमिनीत हे आकडे कमी, तर मुरमाड व खडकाळ जमिनीत जास्त येतात. झाडाखाली बांधलेली जनावरे विजेने का दगावतात, याचे हे एक प्रमुख कारण आहे. विजेचा प्रवाह जनावराच्या छातीतून जातो.

सुरक्षिततेचे नियम याच भौतिकशास्त्रातून आलेले आहेत. गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. धातूच्या आवरणाच्या आत बाहेरचे क्षेत्र जवळजवळ पोहोचत नाही, म्हणून मोटार सुरक्षित ठरते. एकट्या झाडाखाली थांबू नये आणि जनावरे तेथे बांधू नयेत. आसरा मिळणे शक्यच नसेल, तर लोखंडी अवजारे बाजूला ठेवून, दोन्ही पाय जुळवून, उकिडवे बसावे. त्यामुळे उंची कमी होते. आडवे झोपू नये, कारण त्यामुळे शरीराची जमिनीला टेकणारी लांबी आणि म्हणून विभवांतर वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते.

हेही पाहा

विद्युत क्षेत्र · गॉसचा नियम · समविभव पृष्ठ · धारित्र · कणत्वरक · वीज (निसर्ग) · वाशिम जिल्हा